इंटरॅक्शनवालं मिक्स्ड मॉडेल: रिझल्ट लिहायचा कसा

मिक्स्ड मॉडेल (सगळ्यांना लागू असे फिक्स्ड परिणाम आणि प्रत्येकाचे वेगळे रँडम फरक, दोन्ही धरणारं) चाललं की समरीचं टेबल उचलून थिसिसमध्ये डकवायचं ही आपल्याकडची कॉमन पद्धत, आणि वाचणाऱ्याला त्यातून ढिम्म काही कळत नाही. उदाहरणाला आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा चिकवेट (ChickWeight) डेटा घेऊ: कोंबडीची ५० पिल्लं, ४ प्रकारचे आहार, जन्मापासून २१व्या दिवसापर्यंतची वजनं.

आधी डेटा आणि मॉडेल शब्दांत सांगा. दिवस, आहार आणि त्यांचं इंटरॅक्शन (म्हणजे आहारानुसार वाढीचा वेग बदलतो का) फिक्स्ड, आणि दर पिल्लाला स्वतःचा इंटरसेप्ट (शून्याव्या दिवशीचं वजन) नि स्वतःचा स्लोप (रोजची वाढ), हे रँडम. नोंदी ५७८, पण आहार ठरलाय पिल्लागणिक, म्हणून ५० हा आकडाही द्यायचाच. १२ वेळा वजन केलं म्हणजे ६०० नोंदी हव्या होत्या, २२ कमी का आहेत तेही लिहा (काही पिल्लांच्या नोंदी मध्येच थांबल्यात).

मग पॅकेज, व्हर्जन, आणि मॉडेल बसवायची पद्धत आरईएमएल (REML) की एमएल (मॅक्सिमम लाइकलीहूड), ते सांगा. एलएमई४ (lme4, मिक्स्ड मॉडेलचं आरमधलं पॅकेज) मुद्दामच पी-व्हॅल्यू देत नाही, त्यामुळे तुम्ही ती सॅटरथ्वेटच्या पद्धतीनं काढली की केनवर्ड-रॉजरच्या, ते नाव टाका.

आता खरी गोची. टेबलात 'आहार ३' समोर उणे आकडा दिसतो, आणि लोक बिनधास्त लिहितात की आहार ३ मुळे वजन घटलं. अहो, इंटरॅक्शन असताना तो आकडा फक्त शून्याव्या दिवसाचा, आहार १ च्या तुलनेतला फरक असतो, आणि त्या दिवशी पिल्लानं अजून धड काही खाल्लेलंही नाही! उलट याच आहारावर वजन सगळ्यात वेगानं वाढतं. म्हणून पहिल्यांदा इंटरॅक्शनची एकत्र टेस्ट द्या, मग ईएममीन्स (emmeans) पॅकेजच्या ईएमट्रेंड्स फंक्शननं चारही आहारांचे स्लोप, 'रोज इतके ग्रॅम' अशा भाषेत, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट. २१व्या दिवशीचे फरक हवे असतील तर वेगळे काढा, जोड्यांची तुलना केलीत तर ट्यूकी वगैरे करेक्शन (अनेक तुलनांत चुकून फरक दिसू नये म्हणूनचं) सांगा. आणि एक स्लोप सिग्निफिकंट, दुसरा नाही, म्हणून दोघांत फरक आहे असं कृपया लिहू नका, फरकाची टेस्ट वेगळी असते.

रँडम भाग बहुतेक जण गाळतात. इंटरसेप्ट आणि स्लोपचं एसडी (पिल्लापिल्लांत ते किती वेगळे), त्यांचं कोरिलेशन, रेसिड्युअल एसडी (मॉडेलनं न उलगडलेला फरक), चार आकडे, एक ओळ.

शेवटी ग्राफ: प्रत्येक पिल्लाची फिकट रेष, वर मॉडेलच्या चार ठळक रेषा. वाढ सरळ रेषेत नाहीये हे त्यात लगेच दिसेल, तेव्हा तेही लपवू नका.