‘बिग बर्था’ची प्रतिकृती बांधताय? या चुका टाळा

एस्टेस कंपनीची ‘बिग बर्था’, म्हणजे खरोखर उडणारं छोटं रॉकेट, हे अमेरिकेतल्या मॉडेल रॉकेटवाल्यांचं जुनं प्रेम. साठच्या दशकातलं डिझाइन, दोन फूट उंची, अंगाने जाडजूड, मागे चार मोठे गोलसर फिन, म्हणजे पंख. किट आजही मिळतं, पण बाल्सा या हलक्या लाकडाच्या नोज कोनची (टोकाच्या शंकूची) जागा प्लॅस्टिकने घेतली. म्हणून काही हट्टी लोक जुना आराखडा शोधतात आणि सुटे भाग जमवून मूळ बर्था उभी करतात. मीही त्यातलाच, त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच हातच्या आहेत.

पहिली चूक बांधणीच्याही आधी, छपाईत होते. सुट्टीत पुण्याला गेलो होतो, तिथेच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आराखडा छापून घेतला. मूळ पानं अमेरिकन लेटर आकाराची, 216 मिमी रुंद. दुकानातला कागद ए-फोर, 210 मिमीचा. प्रिंटरने गुपचूप सगळं 97 टक्क्यांवर आणून पानात बसवलं. अमेरिकेत परतल्यावर फिनच्या खुणा करायची कागदी पट्टी ट्यूबभोवती गुंडाळली, तर टोकं जुळेनात. ट्यूबचा परीघ जवळपास 131 मिमी, पट्टी चार मिमी तोकडी. तासभर मी ट्यूबलाच शिव्या घालत होतो. बरं, तीन टक्क्यांनी काय बिघडतं म्हणाल, तर लांबी-रुंदी दोन्ही घटल्याने फिनचं क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी कमी होतं. छापताना ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडा, आणि पानावर इंचाची पट्टी छापलेली असेल तर तिच्यावर खरी पट्टी ठेवून बघा. एकही फिन त्याआधी कापू नका.

ट्यूब बीटी-60 मापाचीच घ्या: बाहेरून 41.6 मिमी, आतून 40.5. स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलची नळी ‘दिसायला तेवढीच’ असते, पण तिच्यात नोज कोन एकतर डुगडुगतो नाहीतर अडकून बसतो.

फिन कापताना बाल्साच्या रेषा पुढच्या कडेला समांतर हव्यात. त्या ट्यूबला समांतर गेल्या, तर पहिल्याच लँडिंगला फिन मुळाजवळ बिस्किटासारखा मोडतो. जुन्या फोटोंत हे कळत नाही, हातात लाकूड घेऊनच बघावं लागतं.

मोटर माउंट, म्हणजे मोटर धरणारी आतली नळी, बसवताना पिवळा गोंद दगा देतो. तिच्याभोवतीची कागदी रिंग ओल धरून फुगते आणि अर्ध्या वाटेत अशी चिकटते की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. गोंद रिंगला न लावता ट्यूबच्या आत, ठरलेल्या खोलीवर लावा आणि माउंट एका दमात ढकला. मध्येच थांबून ‘सरळ आहे ना’ बघायचा मोह आवरा.

एका ठिकाणी मात्र मूळ किटशी प्रामाणिक राहू नका. जुन्या किटमधला शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोनला ट्यूबशी बांधणारा दोर, हे तोकडं रबर. मोटरचा इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार) उडाला की नोज कोन ताणला जाऊन सणसणत परत येतो आणि ट्यूबच्या काठाला खोक पाडतो. या खोकेला ‘एस्टेस डेंट’ असं नावच पडलंय! रॉकेटच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा कॉर्ड घाला, आत कोण डोकावणार आहे?

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं, घरी छापत असाल, तर इंकजेटची शाई पाण्यात बुडवण्याआधी क्लिअर स्प्रेने पक्की करा. आणि साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावरची फिकी अक्षरं काळ्या अंगावर गडप होतात.

आता वजन, कारण खरा धोका तिथे आहे. ट्यूबवरच्या सर्पिल खाचा बुजवणं, फिनवर सीलरचे हात, वर प्रायमर आणि रंग, यातला बराचसा भार शेपटीकडे जातो. गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे किमान एका व्यासाएवढा, म्हणजे इथे 42 मिमी, हवा. कमी ताकदीची ए8-3 मोटर साधारण 16 ग्रॅमची, जास्त ताकदीची सी6-5 सुमारे 24 ग्रॅमची, आणि तीही अगदी शेवटी बसते. म्हणजे ए मोटरवर सरळ गेलेलं रॉकेट सी मोटरवर गिरक्या घेऊ शकतं. त्या छपाईमुळे माझ्या बर्थाचे फिन आखूड, शिवाय हौसेने थ्रीडी प्रिंट केलेला नोज कोन बाल्सापेक्षा हलका निघाला.

म्हणून उडवण्याआधी वापरणार असाल ती सर्वांत जड मोटर आणि पॅराशूट घालून रॉकेट दोरीवर समतोल धरा, दोरी तिथेच चिकटपट्टीने बांधा आणि डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. माझं आडवंच फिरत राहिलं, दोनदा. नोज कोनच्या टोकात आठ ग्रॅम माती दाबली, समतोल बिंदू पुन्हा शोधला, तिसऱ्या फेरीत नाकाने वारा धरला.