दावीद नागडा नाचला? बायबलमधलं नृत्य वाचताना या चुका टाळा

उपासनेत गाणं रंगलं आणि कोणी जागेवरच ठेका धरला, की नंतर चहाच्या वेळी दोन तट पडतात. एक जण स्तोत्र १५० काढतो, ज्यात नाचत देवाची स्तुती करा म्हटलंय; दुसरा सोन्याचं वासरू, म्हणजे लोक मूर्तीपुढे नाचले ती गोष्ट. वचनं दोघांचीही खरी असतात, म्हणून वाद मिटत नाही. गडबड होते ती वचन आजूबाजूच्या ओळींपासून तोडून घेण्यात.

वासराचंच बघा. निर्गम ३२ मध्ये मोशे डोंगर उतरून येतो, वासरू आणि नाच पाहतो आणि हातातल्या पाट्या आपटून फोडतो. यावरून 'देवाला नाच खपत नाही' असा निकाल लावणं ही पहिली चूक. तिथे नाचासाठी आलेला हिब्रू शब्द 'मखोलोत' हा निर्गम १५:२० मध्येही आहे. समुद्र पार झाल्यावर मिर्याम डफ घेते आणि बाया तिच्यामागे नाचत निघतात. याच वाक्यात तिला संदेष्ट्री म्हटलंय. लोक तेच, शब्द तोच, मध्ये काही महिने गेलेले. नाच कोणापुढे चाललाय, ते तेवढं बदललं.

(मिर्यामच्या हातात चित्रकार बहुतेक वेळा चकत्यांची खंजिरी देतात. 'तोफ' हे हिब्रू वाद्य म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. आपल्या मराठी बायबलमधला 'डफ' त्याला जास्त जवळचा.)

दावीदाचे कपडे आणि मीखलची खिडकी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमेत आणताना दावीद राजा 'नग्न होऊन' नाचला, असं मी प्रवचनांत कितीदा ऐकलंय. २ शमुवेल ६:१४ वाचा. त्याच्या अंगावर तागाचं एफोद होतं, म्हणजे याजकी वस्त्र. १ इतिहास १५:२७ मध्ये तर वर तलम झगाही आहे. मग नग्नता आली कुठून? त्याची बायको मीखल हिच्या तोंडून. तिने खिडकीतून नाच पाहिला होता. राजा दासींसमोर उघडा पडला, असं ती खवचटपणे म्हणते. तो टोमणा आहे, पंचनामा नव्हे. फार तर नाचताना वस्त्र वर गेलं असेल.

नाच मात्र साधा नव्हता. इथलं क्रियापद गरगर फिरण्याचं आहे, आणि नाचण्यासाठी ते याच अध्यायात वापरलंय. इतिहासाच्या लेखकाने त्याच प्रसंगात ते बदलून नेहमीचं, उड्या मारण्याचं क्रियापद घातलं. स्तोत्र ११४ मध्ये डोंगर मेंढ्यांसारखे उडतात, तेही याच क्रियापदाने.

आता मीखल. 'नाचणाऱ्याला नावं ठेवलीस तर मीखलसारखी वांझ राहशील', असा धाक या कथेवरून घातला जातो. कृपा करून हे करू नका. तिला मरेपर्यंत मूल झालं नाही, एवढंच तिथे लिहिलंय. का, ते लिहिलेलं नाही. आणि ही बाई काय सोसून खिडकीशी उभी आहे, तेही बघा. तिचं दावीदावर प्रेम होतं, हे १ शमुवेल १८ स्पष्ट सांगतं. पुढच्याच अध्यायात आपल्या बापाच्या, शौल राजाच्या, माणसांपासून वाचवायला ती त्याला खिडकीतून खाली सोडते. मग बाप तिला दुसऱ्याला देऊन टाकतो, आणि पुढे दावीद तिला मागून घेतो तेव्हा तो दुसरा नवरा रडत रडत बहूरीमपर्यंत तिच्यामागे चालत जातो. त्यानंतर ती पुन्हा खिडकीतून दावीदाला बघते ते या नाचाच्या वेळी. या सगळ्याला 'गर्व' म्हणून मोकळं होणं म्हणजे अध्याय न वाचणं.

सात बुरखे

हेरोद राजाच्या मेजवानीत नाचून बक्षीस म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागणाऱ्या मुलीचं नाव शुभवर्तमानांत नाही. 'हेरोदियाची मुलगी' एवढंच आहे. सलोमे हे नाव इतिहासकार योसेफसमुळे कळतं, आणि तो नाचाबद्दल चकार शब्द काढत नाही. सात बुरख्यांचा नाच तर ऑस्कर वाइल्डच्या १८९० च्या दशकातल्या नाटकातून लोकांच्या डोक्यात बसला. मार्क तिला 'कोरासियोन' म्हणतो, म्हणजे पोर. याईराच्या १२ वर्षांच्या मुलीसाठीही त्याने हाच शब्द वापरलाय. शिवाय मार्क १५:४० मध्ये वधस्तंभाजवळ उभी असलेली सलोमे वेगळी, पण या दोघींची सरमिसळही होते. चौथ्या शतकात क्रिसोस्तम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने याच मेजवानीवर बोलताना नाच म्हणजे सैतानाचं ठिकाण असं सुनावलं. ते त्याचं प्रवचन, शुभवर्तमानाचं वाक्य नव्हे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात घरी येणाऱ्या थोरल्या भावाच्या कानावर गाणं आणि नाच पडतो, तो दृष्टांत सांगणारा येशूच आहे.

नाच म्हणजे आनंदच, हेही धरून चालू नका. शास्ते ११ मध्ये इफ्ताहची एकुलती एक मुलगी डफ घेऊन नाचत बापाला सामोरी येते, आणि घरातून जो पहिला सामोरा येईल त्याचा बळी देण्याचा नवस बोलून बसलेला बाप कपडे फाडतो. शास्ते २१ मध्ये शिलोच्या मुली नाचायला बाहेर येतात तेव्हा बन्यामीन वंशातले पुरुष द्राक्षमळ्यांत दबा धरून बसलेले असतात, आणि त्या पळवल्या जातात. तरुणांच्या कार्यक्रमासाठी वचन शोधताना ही पानं कोणी काढत नाही, आणि ते बरंच आहे.

यहुदी बाजूने एक प्रश्न हमखास येतो: शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणांना नाच बंद, मग सिम्हात तोराच्या सणाला तोरा हा धर्मग्रंथ हातात घेऊन का नाचतात? मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात शब्बाथला आणि सणाला टाळ्या आणि नाच नको म्हटलंय, खरं. पण त्यावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदने दिलेलं कारण नाच वाईट हे नाही. रंगात आलेला माणूस वाद्य दुरुस्त करायला बसेल, आणि ते काम झालं, ही भीती. काम न करण्याचा हा काटेकोरपणा आपल्याला नवा नाही. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना 'शनवार तेली' नाव पडलं ते शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळेच. सिम्हात तोराच्या फेऱ्यांना नंतरच्या पंडितांनी तोराचा मान म्हणून सूट दिली.

शेवटची अडचण किरकोळ, पण वेळ खाते. हिब्रू प्रतीत वचन सापडत नसेल तर क्रमांक एकने पुढे-मागे करून बघा. शोकाचं नृत्यात रूपांतर केलंस असं म्हणणारं स्तोत्र ३०:११ तिथे ३०:१२ आहे, कारण स्तोत्राचा मथळाही मोजलेला असतो. गीतरत्नातला महनाइमचा नाच आपल्याकडे ६:१३ ला, हिब्रूत ७:१ ला.