टुना-बांगड्यातले चपटकृमी तपासताना या चुका टाळा

माशातल्या चपटकृमींचे नमुने बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्याआधीच वाया गेलेले असतात. मग स्लाइड धूसर दिसते, ओळख पटत नाही आणि दोष रंगाच्या बाटलीला दिला जातो. टुना, बांगडा, सुरमई या स्कॉम्ब्रिडी कुळात तीन गट हटकून भेटतात: कल्ल्यांना नि त्वचेला चिकटणारे मोनोजेनिया, शरीराच्या आत राहणारे पर्णकृमी आणि पट्टकृमींच्या अळ्या. तिघांना एकच पद्धत लावली की घोळ झालाच म्हणून समजा.

त्याआधी एक खात्री करून घ्या. आतड्यावर किंवा यकृतावर घट्ट वेटोळं घालून बसलेली, दोन-तीन सेंटिमीटरची पांढुरकी अळी दिसली तर ती बहुधा अ‍ॅनिसाकिसची, म्हणजे गोलकृमी. तिला चोषक नसतात, शरीर गोल असतं. ती चपटकृमींच्या मोजणीत धरू नका.

मासा उशिरा उघडणे

मासा मेल्यावर मोनोजेनिया फार काळ तग धरत नाहीत. ते कल्ल्यांवरून सुटतात आणि चिकट स्रावात वाहून जातात. बर्फात बराच वेळ पडून राहिलेल्या माशाचे कल्ले ‘स्वच्छ’ दिसले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कल्ल्याच्या कमानी एकेक करून कापा, प्रत्येक वेगळ्या बशीत ठेवा, डावी-उजवी आणि क्रमांक लिहा. खाली साचलेला स्राव आणि बर्फाचं पाणीही गाळून बघा, पुष्कळदा हरवलेले कृमी तिथेच सापडतात. खोल गोठवलेल्या माशातून डीएनए मिळतो, पट्टकृमींच्या अळ्यांचे हुकासारखे आकडेही शाबूत राहतात, पण पर्णकृमींचे मऊ अवयव बिघडतात.

नळाचं पाणी

समुद्री माशाचे कल्ले नळाखाली धुण्याची सवय मोडा. मोनोजेनियांसाठी समुद्राचं पाणी आणि आतल्या पर्णकृमींसाठी मिठाचं सौम्य द्रावण वापरा. गोड्या पाण्यात ते फुगतात, त्वचा सोलवटते, कधी फुटतात.

अपवाद मात्र मजेशीर आहे. ट्रायपॅनोरिंका या पट्टकृमींच्या अळ्या टुनाच्या स्नायूत सापडतात, प्रौढ कृमी शार्क आणि रे माशांच्या पचनमार्गात राहतात. या अळीला चार शुंडके (सोंडेसारखे अवयव) असतात, त्यांवर हुकासारख्या आकड्यांच्या ओळी, आणि ओळख त्यांवरूनच होते. शुंडके आत ओढलेले असतील तर काही दिसत नाही. इथे अळी गोड्या पाण्यात घालून थंड जागी रात्रभर ठेवली की शुंडके बाहेर येतात. या अळीत अंडी शोधत बसू नका, ती अजून प्रौढ झालेलीच नसते.

थंड अल्कोहोलात टाकणे

जिवंत कृमी थेट थंड अल्कोहोलात गेला की आक्रसून गोळा होतो. मग लांबी-रुंदीची मापं कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत आणि माणूस नवी जाती सापडल्याच्या आनंदात पडतो. आधी जवळजवळ उकळत्या मिठाच्या द्रावणात क्षणभर टाकून मारा, म्हणजे तो सैल अवस्थेत स्थिर होतो. नंतर सत्तर टक्के अल्कोहोल किंवा फॉर्मेलिन. डीएनए हवा असेल तर वेगळा नमुना शंभर टक्क्यांजवळच्या अल्कोहोलात ठेवा. फॉर्मेलिनमधल्या कृमीतून डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी.

आच्छादन काच दाबून कृमी ‘सपाट’ करण्याचाही मोह आवरा. दाबलेल्या कृमीची रुंदी खोटी असते. फक्त कुह्नियासारख्या मोनोजेनियाचा एखादा जादा नमुना हलका दाबायला हरकत नाही. हा मिलिमीटरभराचा कृमी स्कॉम्बर प्रजातीच्या बांगड्यांच्या कल्ल्यांवर राहतो. त्याच्या मागच्या टोकाला चिमट्यांच्या चार जोड्या असतात आणि त्यांची घडण तेव्हाच नीट दिसते.

पिवळ्या गाठी चाकूने फोडणे

टुनाच्या कल्ल्यांवर, त्वचेखाली किंवा अवयवांत पिवळ्या-नारिंगी गाठी दिसतात. चरबी समजून त्या बाजूला टाकल्या जातात, नाहीतर चाकू घालून आतलं सगळं चिरडलं जातं. या डिडिमोझोइड पर्णकृमींच्या पुटी असतात. आत बहुधा दोन कृमी एकमेकांना बिलगून असतात आणि हजारो अंड्यांनी त्यांना हा रंग आलेला असतो. पुटीची भिंत बारीक सुईने सावकाश उघडा, दोघांना एकत्र बाहेर घ्या. काही जाती दोऱ्यासारख्या लांब आणि गुंतलेल्या असतात. सनफिशमधल्या एका जातीची लांबी १२ मीटरपर्यंत नोंदली गेली आहे. अशा वेळी ओढू नका, भोवतीची ऊती थोडी थोडी सोडवत जा. तुटलेल्या तुकड्यांवरून किती कृमी होते ते सांगता येत नाही.

हृदय न बघणे

कल्ल्यांत बारीक अंडी अडकलेली दिसतात, प्रौढ कृमी मात्र कुठेच नाही. अशा वेळी हृदय उघडा. दक्षिणी ब्लूफिन टुनातला रक्तपर्णकृमी कार्डिकोला फोर्स्टेरी हृदयात राहतो आणि त्याची अंडी रक्ताबरोबर कल्ल्यांत जाऊन अडकतात. त्याचा मधला यजमान, म्हणजे ज्यात त्याच्या अळ्या वाढतात तो प्राणी, एक समुद्री वलयांकित कृमी आहे, बहुतेक पर्णकृमींसारखी गोगलगाय नव्हे. पॅसिफिक ब्लूफिनमधला कार्डिकोला ओरिएंटालिस मात्र कल्ल्यांच्या धमन्यांत सापडतो, म्हणजे एकट्या हृदयावर विसंबूनही चालत नाही. हृदय द्रावणात फाडून धुवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ बघा. नुसत्या डोळ्यांनी हे कृमी सहज दिसत नाहीत.

आकड्यांची सरमिसळ

२० माशांपैकी ५ मासे बाधित आणि एकूण कृमी ४० असतील, तर प्रादुर्भाव (बाधित माशांचं प्रमाण) २५ टक्के, बाधित माशामागे सरासरी ८ कृमी, आणि सगळ्या माशांमागे सरासरी २. नुसतं ‘सरासरी’ लिहिलं तर वाचणारा कुठली समजणार? निरोगी माशांची संख्या नोंदवहीत नसेल तर प्रादुर्भाव काढताच येत नाही, म्हणून शून्यही लिहून ठेवा.

आता खाणाऱ्यांचा प्रश्न. टुना-बांगड्यातले हे चपटकृमी माणसात वस्ती करत नाहीत. मासा खाल्लेल्याच्या विष्ठेत डिडिमोझोइडची अंडी सापडली तरी ती नुसती वाटेतून निघून गेलेली असतात, त्यावर औषध नको. हे गोड्या पाण्यातल्या माशांना मात्र लावू नका. तिथले काही पर्णकृमी माणसाच्या यकृतापर्यंत जातात. कच्च्या समुद्री माशात भीती बाळगायची ती अ‍ॅनिसाकिसची. मासा नीट शिजवला किंवा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवला तर ती अळी मरते, पण तिची अ‍ॅलर्जी असलेल्याला मेलेली अळीही त्रास देऊ शकते.