कोडिंगची मदत मागताना या चुका टाळा

"दादा, कोड चालत नाहीये, प्लीज अर्जंट." बास, एवढाच मेसेज, आणि खाली मोबाईलने काढलेला लॅपटॉपचा फोटो, त्यावर ट्यूबलाइटची चमक. पुण्यात फायनल इयरची सबमिशनं जवळ आली की हे रोजचंच, आणि मदत करायची मनापासून इच्छा असते म्हणूनच जास्त त्रास होतो.

फोटो पाठवू नका, एरर कॉपी करून टेक्स्ट पेस्ट करा. कर्वेनगरच्या एका मुलाने रात्री अकराला असाच फोटो टाकला, सकाळी सबमिशन. पायथनच्या एररमध्ये नक्की काय बिघडलंय ते सगळ्यात शेवटच्या ओळीत असतं आणि फोटोत नेमकी तीच कापली गेलेली. मग आम्ही तिघं अंदाज मारत बसलो, फाइलचा पाथ बघ, पँडाज (टेबलातला डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) परत इन्स्टॉल कर, असं करत दीड वाजला. शेवटी म्हटलं कॉलमची नावं प्रिंट कर आणि जे येईल ते जसंच्या तसं पेस्ट कर. तर 'अमाउंट ' असं आलं, शेवटच्या अवतरणचिन्हाच्या आधी एक जास्तीची स्पेस, एक्सेलमधूनच आलेली, म्हणून कोडला तो कॉलम सापडत नव्हता! नावांवर स्ट्रिप मारलं, म्हणजे कडेच्या स्पेस काढून टाकल्या, दोन मिनिटांत काम झालं. पोराचे अडीच तास गेले.

माझी सवय सांगतो. एरर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, डेटाच्या दोन-तीन ओळी, आणि कोड छाटत छाटत तोच एरर देणाऱ्या दहाएक ओळी. छाटताना निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं. नवीन पोरांना एवढा धीर नसतो, चारशे ओळी चिकटवून मोकळे होतात, आणि त्या मग कोणीच वाचत नाही.

व्हर्जन सांगा. डेटाफ्रेमचं (पँडाजमधल्या टेबलाचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायची सोय, पँडाज 2.0 मध्ये, म्हणजे 2023 ला, काढून टाकलंय, जुन्या व्हिडिओतला कोड तिथे चालणारच नाही.

मूळ काम काय आहे ते पण सांगा. "स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) स्लॅशवर कशी तोडू" असं एकीने विचारलं, खरी अडचण होती की 03/04/2024 ही 3 एप्रिलऐवजी 4 मार्च म्हणून वाचली जात होती. तारीख वाचताना डेफर्स्ट ट्रू (dayfirst=True, म्हणजे दिवस आधी) दिलं की झालं, तोडायचं काही कारणच नाही.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा कोडमधून वापरायची गुप्त किल्ली) चुकून पेस्ट झाली तर नुसता मेसेज डिलीट करू नका, तो पासवर्ड किंवा ती की बदला.

आणि सुटलं की "झालं, थँक्स" एवढंच नको, कशामुळे सुटलं ते तिथेच लिहा, त्याच एररवर अडकलेला दुसरा कोणीतरी चार दिवसांनी येतोच.