मिनियापोलिसचा पहिला हिवाळा कसा काढायचा, थंडी न आवडणाऱ्या बाईकडून

मला बर्फ अजिबात आवडत नाही, आधीच सांगते. पण अमेरिकेतल्या मिनियापोलिसला नवीन आला असाल तर जानेवारीत उणे २० सेल्सियस कधी ना कधी बघावं लागणारच, म्हणून ऐका.

पुण्याहून आणलेला तो जाडजूड स्वेटर एकटा काही कामाचा नाही. आत अंगाला चिकटून थर्मल, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. कॉटनचं बनियन आतून नको, घाम आला की ओलंच राहतं आणि मग जी हुडहुडी भरते ना! ग्लव्हजपेक्षा मिटन्स घ्या, बोटं एकत्र असली की ऊब टिकते.

गाडीचं मात्र नीट वाचा. काचेवर बर्फ जमला म्हणून उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकते (एका हुशार माणसाने केलंय, नाव घेत नाही, घरातच असतो). डीफ्रॉस्ट लावा, स्क्रेपरने खरवडा. आणि सुरू करायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरचा पाइप बर्फाने बुजला नाहीये ना बघा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वासही नसतो.

बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा पायऱ्यांवर वाळू टाका आणि चालताना पेंग्विनसारखी छोटी छोटी पावलं.

डाउनटाउनमध्ये काम असेल तर स्कायवेने फिरा, बिल्डिंगी जोडणारे बंद पूल आहेत, मैलोन्‌मैल. खोबरेल तेल २४ डिग्रीखाली गोठतंच, बाटली कोमट पाण्यात ठेवायची.