खाडीपलीकडचा टॉवर आणि पायातला पट्टा: देखरेखीच्या कामात या चुका टाळा

जामिनावरच्या आरोपीच्या पायाला जीपीएस पट्टा बांधायला जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यातही, कैद्याची तयारी असेल तर पट्टा बांधून रजा देण्याची सोय आहे. उद्या हे काम रत्नागिरी-सिंधुदुर्गात आलं आणि स्क्रीनसमोर तुम्ही बसलात, तर एक गोष्ट पक्की धरा. यंत्र फक्त ठिपका दाखवतं. माणूस पळाला की घरात झोपलाय, हे तुम्हाला ठरवायचं असतं, आणि तिथे चूक झाली तर कुणाचा तरी जामीन जातो.

ठिपक्यालाच माणूस समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उघड्या आभाळाखाली जीपीएसचा ठिपका साधारण ५ ते १० मीटर इकडे-तिकडे होतो. पण चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर माड-फणसांची दाटी असली की उपग्रह सापडत नाहीत. मग बरीच उपकरणं मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतो. समजा, दाभोळमधल्या घरात झोपलेल्या माणसाच्या पट्ट्याने वाशिष्ठी खाडीपलीकडचा, धोपाव्याच्या बाजूचा टॉवर पकडला. नकाशावर तो रात्री दोनला खाडी ओलांडून दापोली तालुक्यातून गुहागर तालुक्यात गेलेला दिसेल! एवढ्या रात्री फेरीबोट बंद असते, हे यंत्राला कुठून कळणार?

म्हणून आधी बघा: ठिपका जीपीएसचा की टॉवरचा? ठिपका किती चुकलेला असू शकतो हे दाखवणारं, त्याच्याभोवतीचं अचूकतेचं वर्तुळ केवढं? मागच्या ठिपक्यापासूनचं अंतर तेवढ्या वेळात कापता येईल का? पट्टा हलतोय की स्थिर आहे? पट्टा जवळपास आहे का हे रेडिओ लहरींवरून ओळखणारी संपर्काची पेटी घरात बसवली असेल, तर तिला पट्टा दिसतोय का? दिसत असेल, तर उगाच फोन करून घरादाराची झोप मोडू नका.

फोन करावाच लागला, तर "कुठे आहेस?" असं दरडावू नका. "दादा, पट्ट्यावर कुठला दिवा लागलाय? जरा खळ्यात येऊन उभे राहता का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बचाव मिळतो, दुसऱ्याला माहिती.

याला अपवाद एकच. तक्रारदार बाईच्या घराभोवती बंदी असलेल्या हद्दीत ठिपका शिरला, तर पडताळणीसाठी थांबू नका. आधी तिला फोन, लगेच पोलिसांना, मग बाकीचं. खोटा इशारा निघाला तर तेही तिला कळवा; नाहीतर ती रात्रभर दाराकडे बघत बसेल.

पेटी बसवताना घाई

पेटी पत्र्याच्या कपाटावर किंवा फ्रिजमागे ठेवली की रेडिओ लहरी अडतात. ती घराच्या मध्यावर, कमरेच्या उंचीवर ठेवा. मग पट्टा घालणाऱ्याला घरभर चालवा. माजघर, पडवी, बाहेरची न्हाणी, परड्यातला संडास, विहीर, गोठा. पुष्कळ घरांत संडास मागे वेगळा असतो. तो कक्षेत धरला नाही, तर रोज पहाटे 'नियमभंग' होणार.

चार्जिंग

बऱ्याच पट्ट्यांना दिवसाला दोनेक तास चार्जिंग लागतं. ते जागेपणी, ठरलेल्या वेळी करायला सांगा. झोपेत वायर निसटते. पावसात लाइट जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर असलेलं शेजारचं घर आधीच नोंदवून ठेवा. खाऱ्या हवेत धातूच्या टोकांवर थर धरतो. चार्जर लावण्यापूर्वी ती कोरड्या फडक्याने पुसायला शिकवा. निम्म्या 'बॅटरी संपली' तक्रारींत बॅटरीचा दोष नसतो, असं आमचं मत.

कातडी आणि कामधंदा

पट्टा आणि पाय यांत एक बोट जाईल एवढी जागा हवी. मधुमेह असेल, पाय सुजत असतील, तर भेट लवकर ठेवा. पावसाळ्यात पट्ट्याखालचा पाय रोज धुऊन कोरडा करायला सांगा. एमआरआय असेल तर पट्टा आधी अधिकृतपणे काढावा लागतो.

मासेमारी करणाऱ्याचं वेळापत्रक जूनमध्ये बनवलं, तर बंदी उठल्यावर ते कोलमडतं. समुद्रात नेटवर्क जातं; बरीच उपकरणं ठिपके साठवून किनाऱ्यावर आल्यावर पाठवतात. त्याला होडीवर जायचं असेल, तर वकिलामार्फत न्यायालयाची परवानगी आधीच घ्यायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

आदेशापलीकडे डोकावणं

तो कुणाकडे चहाला गेला, हे सरपंचाला किंवा गावच्या ग्रुपवर कळवणं तुमचं काम नाही. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ ला सांगितलं आहे. आदेशात लिहिलंय तेवढंच बघा.

'संपर्क तुटला' एवढीच नोंद

पुढच्या तारखेला हीच ओळ न्यायाधीशांसमोर जाते आणि ती पळाल्यासारखी वाचली जाते. नोंद अशी हवी: 'रात्री २.१०, टॉवरचा ठिपका, धोपावे बाजू. पट्टा स्थिर, पेटीशी संपर्क चालू. फोन केला नाही. सकाळी ५.५०, खळ्यात जीपीएसचा ठिपका, दाभोळ, घर.'