‘बघणे’ की ‘दिसणे’? स्पॅनिशमधल्या या चुका टाळा

‘कधीचा बघतोय, पण दिसतच नाहीये,’ हे आपण चष्मा शोधताना कितीदा म्हणतो! स्पॅनिशमध्ये नेमकं हेच ‘मिरो, पेरो नो बेओ’. नजर लावून बघणं म्हणजे ‘मिरार’, डोळ्यांना दिसणं म्हणजे ‘बेर’. हा फरक मराठीत आयता असताना आपण इंग्रजीतून वळसा घेतो आणि गोंधळतो. टीव्ही आणि सिनेमा मात्र वेगळे लक्षात ठेवा: बघतो आपण, तरी तिथे सहसा ‘बेर’च. अर्जेंटिनात टीव्हीसाठी ‘मिरार’ही सर्रास ऐकू येतं.

सगळ्यात मोठी चूक मराठीमुळेच होते, आणि ती हुशार मुलांच्या वहीत जास्त सापडते. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’. रचना हुबेहूब जुळते, मुलं खूश होतात. मग त्याच भरात ‘मला डोंगर दिसतो’चं ‘मे बे ला मोन्तान्या’ करतात. त्याचा अर्थ होतो, डोंगराला मी दिसतोय! ‘बेर’चा कर्ता म्हणजे ज्याला दिसतं तो. म्हणून ‘बेओ ला मोन्तान्या’. कोणाला दिसतो हे सांगायचंच नसेल, नुसतं ‘इथून डोंगर दिसतो’ असेल, तर ‘से’ जोडा: ‘देस्दे आकी से बे ला मोन्तान्या’. डोंगर अनेक झाले की आपलं ‘दिसतात’ होतं, तसं तिथे ‘से बेन लास मोन्तान्यास’.

माणसाआधीचा ‘आ’ बरेच जण विसरतात. खरं तर तो आपला ‘ला’च आहे. आपण ‘घर पाहिलं’ म्हणतो, पण ‘मारियाला पाहिलं’. तसंच ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’. नकाशा बघायचा असेल तर ‘मिरो एल मापा’. इथे इंग्रजीच्या सवयीने ‘आ’ घुसडू नका.

‘तू छान दिसतेस’ला मेक्सिकोत ‘ते बेस मुई बोनिता’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘एस्तास मुई ग्वापा’ जास्त कानावर पडतं.

‘माझ्या लक्षात आलं’ म्हणजे ‘मे दी क्वेन्ता’. इंग्रजी ‘रिअलाइज’सारखं दिसतं म्हणून तिथे ‘रेआलिसार’ वापरू नका, त्याचा अर्थ पार पाडणं.

आणि आपलं ‘बघू या’ म्हणजे ‘आ बेर’. लिहिताना हे दोन सुटे शब्द. ‘असणे’ या अर्थाचं ‘आबेर’ कानाला अगदी तसंच लागतं, पण ते एकच शब्द आणि सुरुवातीला मुका ‘एच’. जन्मापासून स्पॅनिश बोलणारेही इथे चुकतात, तेव्हा प्रत्येक वेळी थांबून तपासा.